उत्तम तारेवर का बसला

मोरेश्वर — अजून मागं व्हा, वहिनी. त्या बोरीच्या पल्याड.

सुमन — इतकं दूर कशाला? ट्रक तर इथं रुतलाय.

मोरेश्वर — हा ओढाचा पट्टा वीस हात हाय. तुटला त दोन्हीकडं उडते. माणसानं चाळीस हात दूर राह्यचं. अन् पट्ट्याच्या रेषेत त बिलकुल उभं राह्यचं नाही. काका, तुम्हीबी चला तिकडं.

सुमन — भाऊजी, एक गोष्ट साफ सांगते. रामाकोन्यात आज दुसरा ट्रॅक्टर मिळाला असता, तर तुम्हाला या शेतात पाय ठेवू दिला नसता. अर्धी संत्री झाडाखाली पडून आहेत, अर्धी ट्रकातून उतरवलेली. पांढुर्ण्याला माल चढला नाही तर सडेल. म्हणून बोलावलं.

मोरेश्वर — माहीत हाय, वहिनी.

दादाराव — सुमन, आता आला ना थो. राहू दे.

सुमन — कसं राहू देऊ, मामाजी? तुमचा एकुलता एक पोरगा, माझा नवरा, याच्या टोचनात गेला, फसलेली गाडी ओढताना. तुम्हाला जमतं, मला नाही जमत.

दादाराव — मले काय जमते, ते माह्या जिवाले माहीत.

सुमन — अन् हे काय चालवलंय यानं? दोन तास झाले. आधी माल उतरवला, मग चाकांपुढची माती खणली, मग कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या टाकल्या. आता पट्ट्यावर ओला बारदाना कशाला?

मोरेश्वर — पट्टा तुटला त बारदान्याच्या वजनानं खाली पडते. कोनाच्या आंगावर जात नाही.

सुमन — आणि तुटला नाही तर?

मोरेश्वर — त बारदाना वाळत घालू. नुसकान काय हाय?

सुमन — साखळी का नाही आणली? सगळे साखळीच लावतात.

मोरेश्वर — साखळी ताणत नाही, तारबी ताणत नाही. झटका बसला का सरळ तुटते. हा नायलॉनचा हाय, कामठीच्या मिल्ट्री लिलावातला. हा थोडा लांब होते, झटका पोटात घेते. तरी घ्यायच्या आधी बोट फिरवून पाह्यलं, कुठं कापला का, उन्हानं कडक झाला का. शिलाई पाह्यली. लिलावाचा माल विकणारा दुकानदार म्हने, दहा टनाचा हाय. म्या म्हनलं, मले वीसचा दे. गाडी रुतली का तिचं वजन माती वाढवते. आपली काळी माती कशी हाय, तुम्हाले काय सांगू.

सुमन — आणि बंपरला का नाही बांधला? ड्रायव्हर तेच म्हणत होता.

मोरेश्वर — बंपर उखडून येते. चेसिसले लावला. हूकबी नाही ठेवला. ही कडी पाहा, खिळ्यानं बंद होते. उघडा हूक सुटला त बंदुकीची गोळी समजा.

सुमन — सगळं माहीत आहे तुम्हाला.

मोरेश्वर — आता हाय.

सुमन — त्या दिवशी कुठं गेली होती ही अक्कल?

मोरेश्वर — त्या दिवशी नव्हती, वहिनी. जूनची झड होती, खताचं मेटाडोर इथंच फसलं होतं. म्या जिनिंगमधली जुनी तार आणली. तीन लडी तुटलेल्या मले दिसल्या होत्या. म्हनलं, एवढ्यानं काय होते. हूक उघडा होता. गाडी हलेना म्हनून दोनदा ढील देऊन झटका मारला. तिसऱ्यांदा तार तुटली. हे माहं हाय. मी कोनाले नाही म्हनत नाही.

सुमन — तार तुटली ते कळलं मला. दीड वर्ष तेच ऐकते. पण तो तारेवर बसला का? बाजूला उभा असता तर वाचला असता. थ्रेशर चालवणारा माणूस, त्याच्या फिरत्या पट्ट्याजवळ मला येऊ देत नव्हता. तो असा जाऊन बसेल? पंचनाम्यात हिंदीत लिहून मोकळे झाले, स्वयं बैठा.

मोरेश्वर — मी पुढं पाहून चालवत होतो. मले नाही दिसलं.

सुमन — खोटं बोलू नका. तुम्ही मागं पाहिल्याशिवाय क्लच सोडत नाही. तुमचा ट्रॅक्टर या शेतात सहा वर्षं चालला. मी काय आंधळी आहे?

मोरेश्वर — वहिनी, ट्रक काढू द्या. दिवस चालला.

सुमन — काढा.

दादाराव — थांब, मोरेश्वर.

मोरेश्वर — काका, तुम्ही बोरीजवळ जा.

दादाराव — थांब म्हनतो ना. चाबी काढ.

मोरेश्वर — काका, नोका सांगू. झालं गेलं.

दादाराव — तुह्यं झालं असन. माह्यं नाही झालं. सुमन, इकडं पाहा. त्याले म्या बसवलं.

सुमन — काय?

दादाराव — म्या. मालगुजाराच्या विहिरीवर म्या वीस वर्षं मोट हाकली. बैल धावेच्या उतारावरून चालले का मोटकऱ्यानं नाड्यावर, मोटेच्या दोरावर बसाचं. वजन पडते, बैलायले जोर भेटते, मोट झटकन वर येते. उत्तम लहान होता तं त्याले मांडीत घेऊन बसे. थो टाया वाजवे. त्या दिवशी तार अशी वर-खाली उड्या मारून राह्यली होती. मले वाटलं, वजन नाही म्हनून जोर लागत नाही. म्या म्हनलं, उत्तम, बस रे तिच्यावर.

सुमन — आणि तो बसला.

दादाराव — पहिल्यांदा नाही बसला. हासला. म्हने, बाबा, ही मोट नोहे.

सुमन — हसला होता?

दादाराव — हो. मंग म्या पुन्हा म्हनलं. जरा रागानंच म्हनलं, लोकं पाहून राह्यले होते ना. बापाचा शब्द कसा मोडावा म्हनून बसला, बाई. मोटकऱ्यावानी एक पाय इकडं, एक पाय तिकडं.

सुमन — भाऊजी, तुम्हाला माहीत होतं?

मोरेश्वर — दिसलं होतं. ओरडलो बी होतो. पन तवर पाय एक्सिलेटरवर होता.

सुमन — मग सांगितलं का नाही? सौंसरच्या बाजारात मी तुम्हाला खुनी म्हटलं. भरल्या बाजारात. तुमची बायको बाजूला उभी होती, हातात भाजीची पिशवी घेऊन.

मोरेश्वर — काय सांगतो? म्हाताऱ्याचा पोरगा गेला होता. हे ऐकून तुम्हीबी माहेरी निघून गेल्या असत्या त याच्याजवळ कोन राह्यलं असतं? अन् तार माहीच होती, वहिनी. तुमच्या शिव्या काही चुकीच्या पत्त्यावर नाही आल्या.

सुमन — दीड वर्ष, मामाजी. दीड वर्ष मी चुलीशी बसून या माणसाला शिव्याशाप दिले. तुम्ही समोर बसून जेवत होते. ताटात पाहत होते. मला वाटायचं, पोराच्या दुःखानं म्हातारा बोलत नाही.

दादाराव — रोज म्हनो, आज सांगतो. तू वाढत जा, अन् माही जीभ उचलत नव्हती. भेव वाटे, पोरी. तुह्याशिवाय मले कोन हाय?

सुमन — पोरी म्हणू नका आत्ता.

दादाराव — नाही म्हनत.

सुमन — भाऊजी, ट्रक काढा. चला मामाजी, मागं चला. त्यांना काम करू द्या.

(मोरेश्वर ट्रॅक्टरवर चढतो. आधी पट्ट्यातली ढील काढतो, मग पहिल्या गिअरात सावकाश ओढू लागतो. पट्टा ताणतो, ओल्या बारदान्यातून पाणी गळतं. पुढची चाकं पऱ्हाट्यांवर चढतात आणि ट्रक डुलत डुलत चिखलाबाहेर येतो. कुणाला काही होत नाही. इतकं सोपं होतं हे, असं सुमनच्या मनात येतं आणि मग तिला रडू आवरत नाही. दादाराव तिच्यापासून दोन पावलं दूर उभा आहे. जवळ जायची त्याला हिंमत होत नाही.)

मोरेश्वर — निघाला, वहिनी. मालाचं पाहून घ्या. मी जातो.

सुमन — उद्या घरी आहे का तुमची बायको?

मोरेश्वर — हाय. काहून?

सुमन — मी येणार आहे म्हणून सांगा. तिला भेटायचंय. तिनं दार नाही उघडलं तरी चालेल, मी ओट्यावर बसून राहीन.

मोरेश्वर — उघडते ती दार. या तुम्ही.

दादाराव — सुमन.

सुमन — काय?

दादाराव — मी घरी येऊ का? नाही त तिगावले बहिनीकडं जातो. गाडी हाय सात वाजता.

सुमन — तिगावला कशाला? घर तुमचं आहे. या. भाकरी टाकते मी.

दादाराव — हो.

सुमन — फक्त आज माझ्याशी बोलू नका.