माह्या घरातला वेगळा कप

लिहून घ्या ताई, नाव माहं देवराव. गाव मारेगावच्या पल्याड, पण सारी उमर राजूरच्या कोळसा खाणीत गेली. बाप दुसऱ्याच्या वावरात मजुरी करे. दीक्षा घेतलेलं घर आमचं, पण गावातल्या हॉटेलवाल्याले त्याचं काय, आमचे कप बाहेर खिळ्याले टांगून राहत, चाय पेली का आपणच धुवाचा अन् आपणच टांगाचा. माहं डोकं लहानपणापासून गरम, एक दिवस तो कप म्या त्याच्याच उंबऱ्यावर आपटला अन् म्हटलं, आता आतला दे. मार खाल्ला, कमी नाही खाल्ला. पण पुढं हर जयंतीले ही गोष्ट मी माईकवर सांगे, लोकं टाळ्या वाजवत, मले बरं वाटे. खोटं कायले बोलू ताई.

मंग खाणीत लागलो, कोळसा भराचं काम. कोळसा काही खाणीतच राहत नाही, आंगावर बसून घरी येते, नाकात, कानात, शर्टाच्या शिवणीत. बायको माही आंगणात कपडे झटके, धुये, पाणी काळंशार जाये, अन् तिले खोकला लागला तो लागलाच, त्यातच गेली. कोळशानं गेली का आणखी कशानं, डॉक्टर काही बोलला नाही, पण माह्या डोक्यात बसलं का माणूस जे काम करते ते घरच्याईले लागते. म्या डोळ्यानं पाह्यलं होतं ना, म्हणूनच घात झाला.

पोरगा एकच, मिलिंद. आयटीआय केलं अन् दूर दुसऱ्या राज्यात लागला, अणूवर वीज बनते त्या कारखान्यात. म्हणे बाबा, तिथं कोळसा जळत नाही, युरेनियमचा अणू फुटते, त्याच्या गरमीनं पाण्याची वाफ होते, वाफेवर चाक फिरते, बाकी वीज तुमच्या कोळशावानीच. मले लय अभिमान. टपरीवर जो भेटन त्याले सांगो.

मंग त्याले पोरगी झाली. सून सुजाता लेकरू घेऊन माहेरून आमच्या घरी आली, मिलिंदही सुट्टी काढून येणार होता. तवाच टपरीवर माह्यावानीच रिटायर झालेला एक जण म्हणे, देवराव, पोराले सांगजो लेकराले जवळ नको घेऊ, तिथल्या माणसाच्या आंगातून किरण निघते. मी वरून हसलो. पण घरी आलो तं पाळण्यात ती मूठभर पोरगी, अन् माह्या कानात बायकोचा खोकला.

मिलिंद आला, हातपाय धुतले, सरळ पाळण्याकडं निघाला. मी मधात उभा राह्यलो, म्हटलं झोपली हाय, चाय घे. अन् चाय कशात देली, तं कान तुटलेल्या कपात, जो घरात कोणी वापरत नव्हतं. ताटही त्याचं वेगळं काढलं होतं, सुनेले सांगून ठेवलं होतं का याची भांडी बाहेरच्या नळावर घास. ती बिचारी मान खाली घालून हो म्हणली. पोरगी रडली का मीच उचलो, त्याले म्हणो तू राहू दे. असं चाललं. मंग एका सकाळी त्यानं चाय पेली, उठला, नळावर कप सोता धुतला, अन् बाहेर माही छत्री राह्यते त्या खिळ्याले टांगून देला. ती हॉटेलातली गोष्ट त्यानं लहानपणी माह्या मांडीवर बसून ऐकली होती ताई. काय सांगू तुम्हाले, जमीन फाटावी अन् आत जावं असं झालं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ जलमभर दाखवत फिरलो, अन् हे आपलं मुसळ.

भांडला असता तं बरं झालं असतं. तो जवळ बसून समजावून राह्यला. म्हणे बाबा, खाणीत तुमच्या छातीचा फोटो काढत, मंग घरी येऊन तुम्ही मले मांडीवर घेत, फोटोचे किरण मले लागले काय? किरण म्हणजे शेकोटीची आच, दूर गेलं का संपली, कोणी खिशात घालून घरी नाही आणत. म्हणून आमाले शिकवते, कमी वेळ थांबा, दूर राहा, मधात भिंत ठेवा, अन् छातीले बिल्ला देते, किती आच घेतली ते मोजाले. तिथली धूळ आंगाले लागली तं मात्र ते तुमच्या कोळशावानीच, म्हणून कपडे तिथंच सोडा लागते, निघताना मशीनवर हातपाय ठेवा लागते, कणभर लागलं असलं तरी मशीन बोंबलते, धुतल्याबिगर सोडत नाहीत. तुम्हाले कोणी असं तपासून घरी धाडलं नाही, त्यात तुमची काय चूक बाबा. मी रडलो, खरंच रडलो, म्हटलं चुकलो रे. तो म्हणे जाऊ द्या. पोरगी म्याच त्याच्या मांडीत देली.

आता पोरगी चालाले लागली. मिलिंद सुट्टीत येते, हसते, बोलते, माह्या गोळ्या आणते, त्याच्या मनात काही नाही. पोरगी बाबा बाबा करत धावते, तो वाकते, हात पुढं करते, पण उचलाच्या आधी एक डाव माह्याकडं पाह्यते. त्याले सोतालेही माहीत नसन. आपल्या घरात, आपल्याच लेकीले उचलाले, बापाच्या तोंडाकडं पाह्यते. मी म्हणतो, घे ना रे, घे. तो घेते. सुखात राहो दोघं बापलेक. मी तेवढ्या वेळ बाहेर जाऊन उभा राह्यतो.