वाटीभर आम्ल

ऋत्विक : तोंड वाकडं करू नकोस, दिशा. पैसा लावणारे पाहुणे मांडव्याच्या जेट्टीवर उतरलेत. ही बाटली टेबलावर ठेव, आपल्या प्लँटची म्हणून.

दिशा : आपली? सर, बाजारातून आणलेल्या या फॉर्मिक आम्लाचं सील मी स्वतः फोडलंय!

ऋत्विक : केमिकल तेच ना?

दिशा : आपलं हे, या वाटीतलं. भट्टीच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड, सोलर पॅनेलची वीज, आणि त्यातून निघालेलं हे वाटीभर. पाणचट आहे, पण खरं आहे.

ऋत्विक : वाटीभर बघून कोण पैसा लावणार? आणि आज ढग आहेत. तुझं यंत्र चालतंय कुठे?

दिशा : चालतंय ना! शेडमागे तुम्ही लपवून ठेवलेल्या जनरेटरवर! डिझेल जाळून धूर करायचा नि धुराचं सोनं केलं म्हणायचं. शी! किळस येते मला.

ऋत्विक : ड्रामा पुरे. लुगडं नेसून ये. कोळ्यांची मुलगी, हातात बाटली. फोटो मस्त येईल.

नीराबाई : (फुलांचे हार घेऊन दारातून) लुगडं कुनाला नेसवताव, सायेब? आनि ह्यो वास कसला गो बाय? नाकात मुंग्या चावल्यावानी!

ऋत्विक : या, आई! तुमच्या लेकीनं धुरापासून बनवलंय. बघा, बाटलीभर!

नीराबाई : खरं? अगो माजे बाय! आता सांगते समद्या बायांना. तुज्या शब्दावर त्यांनी ह्या शेडला बोंबील सुकवायची जागा दिली, दर्याला नारळ देऊन. दर्याचं देनं, उनाचं सुकनं, त्यावरच आमची चूल. तरी दिली.

दिशा : नको सांगू, आये. ती बाटली इकत आनलीय. मी केलेलं हे.

नीराबाई : येवढंच?

दिशा : येवढंच.

ऋत्विक : नीट विचार कर. हे बाहेर बोललीस तर उद्या शेडला कुलूप. तुझं यंत्रही भंगारात.

दिशा : जाऊ दे भंगारात. खोट्या बाटलीमागे उभं राहून बायांना तोंड कसं दाखवू? जनरेटर बंद करा, सर. पाहुण्यांना मी सांगते, वाटीभरच झालंय. ऊन आलं की समोर करून दाखवते.

ऋत्विक : वेड लागलंय तुला? मोठी माणसं आहेत ती. उन्हाची वाट बघत बसतील?

नीराबाई : बसतील की, सायेब. आमी रोजच बसतो.