टायमिंगवरची पांढरी खूण

माझ्या जागी तुम्हीही मेकॅनिकवरच संशय घेतला असता. बाबांची जुनी गाडी विकायला काढली होती. खडकीचा मेकॅनिक इग्निशनचं टायमिंग लावून द्यायचा, गाडी मस्त पळायची. गिऱ्हाईक ट्रायलला बसलं, की आचके! तीनदा झालं. शेवटी मेकॅनिकला झापलं.

तो म्हणाला, "अहो, टायमिंगसाठी जो फिरवतो, त्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट आवळून वर पांढरी खूण केलीय. ती सरकली, तर हात दुसऱ्या कुणाचा तरी."

रविवारी चौथं गिऱ्हाईक यायच्या आधी बॉनेट उघडलं. खूण सरकलेली! घरात आम्ही दोघंच.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

पेपरमधून डोकं न काढता ते म्हणाले, "गिऱ्हाइकं इतक्या सकाळी बोलवत जाऊ नकोस. चहाआधी तो बोल्ट माझ्याच्यानं लवकर सैल होत नाही."