साहेबांचं पोट आणि माझी पिशवी

...नाही, पण मी म्हणतो, अंडं उकडणं हा गुन्हा आहे का? सांगा ना! माणूस हॉटेलात राहायला गेला म्हणजे त्याने घरचं काही तोंडात घालायचंच नाही? का बरं? खोलीचं भाडं भरलंय ना मी? मग त्या खोलीत बसून मी काकडी खाईन नाहीतर कच्चा कांदा खाईन... पिशवी माझी, पोट माझं, कुणाच्या बापाचं काय जातं?

आता पिशवी म्हणजे काय, तर आमच्या ड्रायव्हिंग स्कूलची. वर लाल अक्षरात 'शिका' लिहिलेलं. तीस वर्षं झाली, शिकणाऱ्यांच्या शेजारी बसून ब्रेक दाबतोय, तर एक पिशवी नको का माझ्या मालकीची? तिच्यात उकडलेले बटाटे, कच्ची अंडी पेपरात एकेक गुंडाळून, पाव, लोणी, शेंगदाणे, केळी, जॅमची बाटली... आमची बायको दारात उभी. "अहो, हॉटेलात चाललोय, पुरात नाही अडकायला!" म्हटलं, त्या हॉटेलातलं एक ऑम्लेट ज्या भावाला मिळतं त्या भावात मी कोंबडी पाळीन. तर म्हणाली, "लोक काय म्हणतील?" आणि लोक म्हणजे कोण, तर माझा धाकटा भाऊ! त्याला घरात आम्ही साहेब म्हणतो. फर्निचरच्या कंपनीत विक्रीचा मॅनेजर, समुद्रावरसुद्धा टाय लावून जाणारा माणूस. हॉटेल त्यानेच ठरवलेलं, सहा महिने आधी, दोन्ही कुटुंबांचं, पैसे भरून मोकळा, रद्द केलं तर एक छदाम परत नाही. माझा वाटा माझ्याकडून रीतसर घेतला हं, फुकट नाही नेलं! दर सुट्टीत हा खाली डायनिंग हॉलमध्ये मुलांना घेऊन बसणार आणि मला हाक मारणार, "दादा, ये ना, काय ते डबे उघडून बसतोस!" अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी!

तर पोचलो. काउंटरवरचा मॅनेजर, केस असे चापून बसवलेले की टक्कल बरं. म्हणतो कसा, "सर, बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत." म्हटलं, खाद्यपदार्थ नाहीत, औषध आहे. "कशावरचं सर?" म्हटलं, भुकेवरचं! आणि सरळ लिफ्टमध्ये. बायको? बायको पार तिकडे, कुंडीतलं प्लॅस्टिकचं फूल बघत उभी, जसं काही हा इसम आपण आयुष्यात पाहिलेला नाही! जाईना का. पिशवी माझी, पोट माझं...

पण तुम्हाला सांगतो, दुपारीच मला काहीतरी खटकलं. साहेब खाली जेवायला गेलेच नाहीत. "दादा, पोट जरा नरम आहे." बरं, तुझं पोट नरम, मग तुझ्या बायकोचं? "तिचंही." आणि मुलं? त्याच्या जुळ्या मुली, आठ वर्षांच्या, त्या आमच्या खोलीत आल्या टीव्ही बघायला आणि तुम्हाला सांगतो, बटाट्यांचा एक अख्खा डबा... म्हणजे मी चॅनल बदलून मागे बघतोय तोवर डबा आरशासारखा चकचकीत! वर मला विचारतात, "काका, अजून आहे?" मी बायकोकडे बघितलं, बायकोने माझ्याकडे बघितलं. एरवी ह्या पोरी पावाची कड काढून टाकणाऱ्या!

म्हटलं, अंडी उकडू. खोलीत चहाची किटली असते ना, तिच्यात घातली चार अंडी, बटण दाबलं. आता त्या किटलीला अंडी सोसवेनात ह्यात माझा काय दोष? फट् आवाज आला, दिवा गेला, संपली किटली. बायको म्हणाली, "झालं समाधान?" मी कशाला हार मानतोय! ब्रेक लागला नाही तर हँडब्रेक असतो. चार अंडी टॉवेलात घेतली आणि गेलो शेजारच्या खोलीत, साहेबांची किटली मागायला.

दार वाजवलं. आत धावपळ. परत वाजवलं. भावजयीने दार उघडलं ते बोटभर. "दादा, ते जरा... बाथरूममध्ये आहेत, पोट..." म्हटलं, असू दे की, मला किटली हवी आहे, तुझा नवरा नकोय. घुसलो आत. आणि त्या बाथरूमच्या दाराची कडी, एवढं मोठं हॉटेल, पण कडी लागत नाही! माझा नुसता धक्का लागला आणि दार आपोआप उघडलं.

कमोडचं झाकण बंद करून त्यावर साहेब बसलेले. टाय लावलेला. हातात कोरडा ब्रेड. लोणी नाही, काही नाही... कोरडा. गालात घास, गिळताही येईना, थुंकताही येईना. माझ्याकडे बघतोय आणि म्हणतो, "दादा... पोट..."

मी दार ओढून घेतलं. भावजय खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिकडे बघतच म्हणाली, "कंपनी बंद झाली. तीन महिने झाले. बुकिंगचे पैसे परत मिळत नव्हते, मुलींना सांगून बसलो होतो. तुम्हाला कळलं हे त्यांना कळू देऊ नका." आता मला कळलं हे त्याने डोळ्यांनी पाहिलंय! पण तिला काय सांगू? मी हो म्हटलं, किटली उचलली आणि बाहेर आलो. कॉरिडॉरमध्ये टॉवेल छातीशी धरून उभा राहिलो. डोक्यात हेच, की हा पाच वर्षांचा असताना माझ्या ताटातलं उचलायचा, विचारायचासुद्धा नाही. आणि आता कमोडवर बसून कोरडा ब्रेड?

मग माझं डोकं सटकलं. तिथेच ओरडलो, अख्खा मजला ऐकेल असा! "अरे साहेब! ही तुझी वहिनी डझनांनी बटाटे उकडून बसली आहे, सगळं नासायला लागलंय! कुणी खाली जेवायला गेलं तर माझ्याशी गाठ आहे! मुकाट माझ्या खोलीत या!" समोरच्या खोलीतली बाई दार उघडून बघायला लागली. म्हटलं, काय बघता बाई? पिशवी माझी, पोट माझं!

आला. मान खाली घालून नाही हं, चांगला ताठ. मुलींना मोठ्याने म्हणतो, "मी तुम्हाला खालीच नेणार होतो, पण काका ऐकतोय कुठे!" म्हटलं, नाहीच ऐकणार. खा!

पण सहा माणसांना दोन माणसांची पिशवी किती पुरणार? दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरायला म्हणून निघालो आणि मागच्या गल्लीतल्या किराणावाल्याकडे गेलो. पाव, अंडी, टोमॅटो, चीज, परत 'शिका'त भरलं आणि वर जुनेच पेपर लावले, घरून आणल्यासारखं दिसायला. काउंटरपाशी येतो तर तो चापून बसवलेल्या केसांचा मॅनेजर समोर! मी थबकलो. तेवढ्यात बायको कुठूनशी आली, माझ्या हातातून पिशवी घेतली, अंगावरची चांगली शाल पिशवीवर टाकली आणि त्याला म्हणते, "सर्दी झाली आहे मला, लांब राहा." आणि गेली ना तरातरा लिफ्टमध्ये! प्लॅस्टिकची फुलं बघणारी बाई!

आणि साहेब काय करतात? संध्याकाळी लॉबीत कुणा पाहुण्यांशी गप्पा. "आमचा दादा म्हणजे, काय सांगू, पैसा सुटतच नाही हो हातून. आम्हालाही खोलीत कोंडून बटाटे खायला घालतो!" हसतोय! मी तोंड उघडणार, तर बायकोने असा पाय दाबला माझा... क्लच समजून. बसलो गप. कंजूस तर कंजूस. निदान त्याचा आवाज तरी परत नेहमीसारखा लागला होता.

शेवटच्या दिवशी भावजयीने आमचे सगळे डबे नेले आणि धुऊन आणले. बाहेरूनसुद्धा घासले होते, बुडाचा जुना काळा डागही गेला.

निघताना गाडीत सामान ठेवतोय, तर साहेब माझ्याजवळ आले. टाय सैल केलेला. इकडेतिकडे बघितलं, घसा खाकरला. "दादा, एक सांगू? मनावर घेऊ नकोस." म्हटलं, आलं! आता हा रडणार, मग मीही रडणार, हॉटेलच्या दारात शोभा होणार. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, बोल रे, मोकळेपणाने बोल.

तर म्हणतो, "पुढच्या वेळी त्या बटाट्यांत मीठ जरा बेताने घाल."

म्हटलं, बरं साहेब, बेताने घालतो.