सुजितचं औक्षण

नाही नाही, चहा घ्या आधी, वैदेहीताई. माईनं केलाय, मी नाही, तेव्हा संकोच नको. आणि ते 'मोठं मन करा' आता पुरे — आल्यापासून तेच चाललंय. मोठं मन म्हणजे नक्की काय? तर गुरुवारी मी कल्याणच्या कोर्टात जायचं नाही, वकिलाला सांगायचं की जामिनाला आमची हरकत नाही, आणि ज्यानं माझ्या समीरच्या डोक्यात टँकरची लोखंडी टॉमी घातली तो सुजित गणपतीला घरी. हेच ना? मग असं सरळ म्हणा की. मन कशाला मध्ये आणता?

रखमाबाई रडते, मान्य. आई आहे त्याची, रडणारच. तुमच्या सत्संगात पुढच्या रांगेत बसते, तेही कळलं. पण समीरची आई, आमची माईसुद्धा त्याच सत्संगाला येते ना — मीच सोडत होतो अंबरनाथपर्यंत, स्कूटरवरून. माझा देवावर विश्वास नाही, तुम्हाला माहितीय, अर्ध्या बदलापूरला माहितीय. पण म्हटलं, बाई घरात भिंतीकडे बघत बसते, चार बायकांत गेली तर बरं. राखीच्या आधी म्हणाली, मंडळाबरोबर जेलमध्ये जातेय, कैद्यांना राख्या बांधायला. जा म्हटलं. अहो, मी स्वतः वाचनालयात फाशीविरुद्ध भाषणं दिलीत, कैदी माणूसच असतो म्हणून घसा कोरडा केलाय, लोक उठून गेले तरी. मला काय माहीत तुम्ही तिला कुणापुढे उभी करणार आहात? आणि मला कळलं कशावरून, तर सोसायटीच्या ग्रुपवर आलेल्या फोटोवरून. माई निरांजन ओवाळतेय, कुंकू लावतेय, तोंडात नारळाची वडी घालतेय — आणि ते तोंड कुणाचं, तर त्याचं. खाली लोकांनी हात जोडलेत, फुलं टाकलीत. एकानं लिहिलंय, 'मातृहृदय'. मी फोन उलटा ठेवला.

मान नका हलवू. तो तिथं आहे हे तुम्हाला माहीत होतं.

हे बघा, मी सूड मागत नाही. आजही फाशी मागणार नाही. सरकारनं माणूस मारू नये, पोरगा गेला म्हणून हे मत बदललं नाही माझं — बदललं असतं तर झोप तरी लागली असती. मी एवढंच म्हणतो, खटला चालू दे. चारचौघांत, पुराव्यावर. कंपनीच्या लॅबमध्ये आयुष्य गेलं माझं, टेस्टचा रिपोर्ट आल्याशिवाय बॅच गेटबाहेर सोडली नाही, मॅनेजर डोक्यावर उभा राहिला तरी. आणि तुमच्याकडे काय? ओवाळलं, वडी भरवली, झाला माणूस शुद्ध. क्षमा करायची तर समीरनं करावी ना — तो कुठंय? त्याच्या वतीनं तुम्ही कोण, मी कोण, माई तरी कोण? — काय? देव बघून घेईल? मग जामिनाचंही देवच बघेल की. माझ्याकडे कशाला आलात?

हळू बोलू? का? आत ऐकतेय ती, ऐकू दे. आम्ही बोलत नाही हल्ली. म्हणजे भाजी काय आणू, सिलिंडर आला का, एवढं बोलतो.

फोटोवरून नाही भांडलो मी, खरं सांगतो. पोटचा गेला तिचा, तिला मी काय शिकवणार. भांडण त्यानंतरचं. परवा ताट वाढता वाढता बोलून गेली — समीर शेवटी काय बोलला ते त्यानं मला सांगितलं. असं. आमटी वाढत होती.

बिल्डिंगच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी दोघंच होते हो. सुजितनं टँकर मागं घेताना भिंतीला घासला म्हणून समीर खाली गेला. कॅमेरा पुढच्या गेटला, मागं नाही. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. तेव्हापासून विचारतोय — पोलिसांना, डॉक्टरांना, वॉचमनला — काही बोलला का हो तो? आणि ते शब्द होते कुणाकडे, तर ज्यानं मारलं त्याच्याकडे. आता माईकडे. मी म्हटलं, सांग. म्हणाली, नाही. ओवाळताना सांगितलेलं आहे म्हणे, ते देवापुढचं, तुम्हाला सांगितलं की तुम्ही वकिलाकडे धावणार. एवढ्या वर्षांचा संसार, आणि माझ्या पोराचं शेवटचं बोलणं ती माझ्यापासून लपवते. याला काय म्हणतात तुमच्यात? भक्ती?

धावलो असतोच. का नाही धावणार? त्याचा वकील काय म्हणतो ऐकलंय का — टॉमी आधी समीरनं उचलली म्हणे, सुजितनं ती हिसकावली. माझ्या समीरनं. तापट होता, हो, माझ्यावर गेला होता. शब्दाला शब्द लागला की हात — नाही, हात नाही, आवाज चढायचा, एवढंच. एकदा पार्किंगवरून त्या वरच्या मजल्यावाल्यांची कॉलर — ते सोडा, ते मिटलं होतं. पेढे घेऊन गेलो होतो मी त्यांच्याकडे.

तुम्ही होतात ना बाजूला? फोटोत आहात, ताट तुम्हीच धरलंय. म्हणजे ऐकलंत. बघा ताई, मी वकिलाला नाही सांगणार. गुरुवारी जाणारही नाही, हवं तर. समीरची शपथ — माई हसेल आत, मी शपथ घेतली म्हणून. येऊ दे त्याला घरी, बसवू दे गणपती. तुम्ही फक्त सांगा. आई म्हणाला? पाणी मागितलं? मला हाक मारली?

नाही? मग काय?

खाली का बघताय?

थांबा. नका सांगू. तोंड उघडलंत, मिटा ते. म्हणजे माई वकिलामुळे गप्प नव्हती, माझ्यासाठी — बस. मला काही ऐकायचं नाही. गुरुवारी मी जाणार, पहिल्या बाकावर बसणार आणि हरकत घेणार, रखमाबाईंना सांगा तसं. चहा राहू दे. लिफ्ट बंद आहे, जिन्यानं सावकाश उतरा.