केशवराव आगट्यांचे सोवळे मोजे

मंडळी, नीट बसा. त्या खांबाला टेकलेले पुढे या, खांब पडत नाही तुमच्यावाचून. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. शुद्ध कोणाला म्हणायचं? जो दुसऱ्याचा स्पर्श टाळत फिरतो त्याला, की जो आपला मळ आपल्या हातानं काढतो त्याला?

माना डोलवू नका लगेच! मान डोलवायला काही कष्ट पडत नाहीत. आधी ऐका, मग बघू कोणाची मान कुठं जाते.

तर नाशकात केशवराव आगटे नावाचे एक गृहस्थ. थोर धार्मिक! पहाटे गार पाण्यानं अंघोळ, मग संध्या, मग तासभर पूजा. पूजेच्या वेळी मांजर जरी दारातून गेलं तरी पुन्हा अंघोळ. मोलकरणीनं धुतलेला तांब्या हे पुन्हा धुवायचे. आणि पुन्हा धुवायचे म्हणजे कोण? बायको. सुमतीकाकू. हे फक्त बोट दाखवायचे.

आता अशा या पवित्र देहाचा एक भाग मात्र राहून गेला होता. पाय! पायांना थंडी सोसायची नाही, म्हणून केशवराव लोकरीचे मोजे घालायचे. जाड, तपकिरी. दिवाळीला पायात चढले की होळीपर्यंत उतरायचे ते फक्त अंघोळीला.

धुवायचे कधी? धुवायचे नाहीतच! का म्हणाल तर शास्त्र. "लोकरीला ओवळं नाही," केशवराव म्हणायचे. "आमची आजी सोवळ्यात धाबळी नेसायची. धाबळी कशाची? लोकरीची. मोजे कशाचे? लोकरीचे. मग मोजे सोवळे!"

बघा, काय बुद्धी! आजीनं धाबळी नेसून स्वयंपाक केला, यांनी त्या धाबळीचं नाव घेऊन महिनोन्महिने घाम साठवला. शास्त्र हे असं असतं मंडळी, आळशी माणसाच्या हाती लागलं की लगेच त्याच्या मापाचं होतं.

सुमतीकाकू बिचाऱ्या म्हणायच्या, "अहो, द्या एकदा, मी धुते." तर म्हणे, "हात लावू नकोस, पाण्यात घातले की आटतील." मग काकूंनी काय करावं? बुटांत कापूर टाकावा. दाराशी धूप लावावा. पाहुणा आला की खिडकी उघडावी. पाहुणे म्हणायचे, आगट्यांकडे काय मंगल वातावरण असतं! अहो, मंगल कसलं, ते नाकाला चकवणं चाललं होतं.

पेटीवाले, हसू नका. तुमचे बूट देवळाच्या कोणत्या कोपऱ्यात आहेत ते मी डोळे मिटून सांगेन.

तर या केशवरावांचा मुलगा निनाद. सरळ मुलगा, चांगली नोकरी. त्याचं लग्न ठरलं गार्गी वझे या मुलीशी. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं, वर्षभराची ओळख. आता साखरपुडा मुलीच्या घरी. केशवरावांनी आधीच निरोप धाडला, "आमच्याकडे साखरपुड्यालाच मुलीचा बाप वराच्या बापाचे पाय धुतो. हा आमचा मान आहे."

गार्गीचे वडील दिगंबर वझे. साधा माणूस. मुलीचा बाप! त्याला वाटलं, एवढ्या-तेवढ्यावरून मुलीचं ठरलेलं मोडायला नको. म्हणाले, धुतो.

साखरपुड्याचा दिवस उजाडला. वझ्यांचं घर पाहुण्यांनी भरलेलं. केशवराव आले, दारात बूट काढले, आणि मोज्यांनिशी थेट बैठकीत. आधी दाराजवळची पोरं पळाली. मग एका आजीनं पदर नाकाला लावला. एक मामा हळूच म्हणाले, "गॅस बंद केलाय ना कोणीतरी?" वझेवहिनींनी उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवला. त्यावर केशवराव प्रसन्न होऊन म्हणतात, "वा! घर धार्मिक दिसतंय."

पाट मांडला, पुढे परात ठेवली. दिगंबरराव हातात पाण्याचा तांब्या घेऊन खाली बसले. केशवरावांनी पाय पुढे केला आणि मोजा ओढला. निघेना! चामडीला चिकटलेला. शेवटी सटकन निघाला, आणि काय सांगू मंडळी, त्या घरातल्या उदबत्त्यांनी हात टेकले. दुसराही निघाला. केशवरावांनी ते दोन्ही मोजे ठेवले कुठं? दिगंबररावांच्या गुडघ्यापाशी!

दिगंबररावांचे डोळे पाणावले. वासानं की अपमानानं, ते त्यांनाच ठाऊक. पण ते वाकले. मुलीचा बाप वाकतो, आणि आपण त्याला परंपरा म्हणतो. लाज वाटायला हवी आपल्याला.

तेवढ्यात गार्गी उठली. नवी साडी, केसांत गजरा. म्हणाली, "बाबा, थांबा. काका, हे मोजे आधी धुवायला हवेत."

केशवराव हसले. "मुली, लोकर आहे ती. लोकर सोवळीच असते."

"नक्की ना?"

"शास्त्र आहे!"

"मग असं करू," गार्गी म्हणाली. "ते आमचं देवघर आहे, आत बाळकृष्ण आहे. हे मोजे तुम्ही तुमच्या हातानं त्याच्या शेजारी ठेवा. मग बाबा पाय धुतील."

केशवराव चपापले. "देवाशेजारी? मोजे?"

"देवाला चालत नाहीत, मग माझ्या बाबांना कसे चालतील?"

आता बोला! ठेवावे तर देवाचा अपराध, न ठेवावे तर शास्त्र खोटं. केशवराव लालबुंद होऊन उठले. "चल निनाद. हे लग्न होणार नाही."

निनाद बसूनच राहिला. केशवराव बायकोकडे वळले, "तू तरी ऊठ." सुमतीकाकू म्हणाल्या, "मी इथेच बरी आहे." आयुष्यात पहिल्यांदा!

तुम्हाला वाटेल, संपलं, मुलगा गुणी निघाला. थांबा. गार्गी त्याच्याकडे वळली. "निनाद, तुझे मोजे स्वच्छ आहेत. कोण धुतं?"

निनादनं खाली पाहिलं. पांढरेशुभ्र मोजे. "आई," म्हणाला.

"उद्या?"

त्या एका शब्दावर लग्न लटकलं होतं, मंडळी. निनादला ते कळलं. उठला, बापाचे ते दोन मोजे उचलले आणि मागच्या अंगणात गेला. पण धुवायचे कसे, हे कुठं ठाऊक? शिकलेला मुलगा हो! गरम पाण्याची बादली घेऊन निघाला, तशा सुमतीकाकू धावल्या.

"अरे, लोकर आहे, गरम पाण्यात आटेल. कोमट घे. आधी मोजा उलटा कर, घाण आतल्या बाजूला असते. वझेवहिनी, रिठे आहेत का घरात? रिठ्याच्या पाण्यात भिजव. घासू नकोस, हलक्या हातानं दाब. पिळायचे नाहीत बरं! कोरड्या पंच्यात गुंडाळून पाणी टिपून घे, आणि सावलीत आडवे पसरून ठेव. दोरीवर लोंबकळले तर लांब होतात."

"आणि माझे, सुती?"

"ते कोमट पाण्यात खायचा सोडा घालून भिजवायचे, उलटे करून टाचेला साबण लावायचा, उन्हात वाळवायचे. रोज जोडी बदलायची. पुरते वाळल्याशिवाय घडी घालायची नाही, आणि घातल्यावर त्यात कडुनिंबाचा सुका पाला ठेवायचा. बुटांनाही अधूनमधून ऊन दाखवायचं." काकू थांबल्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं मला कोणी विचारलंच नाही रे."

पहिलं पाणी काळं निघालं. दुसरंही काळं. तिसऱ्या पाण्याला दिगंबरराव तोच तांब्या घेऊन अंगणात आले. पाय धुवायला भरलेलं पाणी त्यांनी निनादच्या हातांवर ओतलं. मुलीच्या बापानं पाणी घातलं, पण वाकून नाही, उभं राहून! आणि गार्गीनं त्याच ओल्या हातात अंगठी घातली.

आणि केशवराव? सुधारले का? छे! असली माणसं आख्यानातसुद्धा सुधारत नाहीत. ते ओट्यावर अनवाणी बसून ओरडत होते, "माझे मोजे कुठायत?" त्यांना आतून उत्तर द्यायलाही कोणी उठलं नाही.

हसलात? हसा. पण हसताना पुरुषमंडळींनी पाय मांडीखाली का ओढून घेतले? मी बघतोय इथून. देवळात येण्याआधी अंघोळ केलीत, गंध लावलंत. आता खरं सांगा, आज पायातले मोजे स्वतः धुतलेले ज्याचे आहेत, त्यानं हात वर करावा.

खोटं नको. तुमच्या बायका पलीकडेच बसल्यात.

एक हात. मागच्या रांगेत ते म्हातारे. बाबा, तुमचे?

"बायको गेली हो बुवा. म्हणून शिकलो."

ऐकलंत? ती जाईपर्यंत थांबायचंय का तुम्हाला? करा आता आरती. तबक आधी बायकांच्या बाजूला जाऊ द्या, आणि तिकडून पुरुषांकडे आलं की निरांजनावर हात फिरवण्याआधी आपल्या हातांकडे एकदा बघा.