नामदेवच्या बेंजोची वाकडी पिन

वायरीची पिन सरळ घ्यावी की वाकडी, हे आमच्या गायन पार्टीत कोणी विचारू नये. बेंजोवाला नामदेव अजून चिडतो.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मांडी घालून बसलं की बेंजोला अँप्लिफायरशी जोडणाऱ्या वायरीची बाहेर आलेली सरळ पिन नामदेवच्या गुडघ्याला लागायची आणि ऐन गाण्यात निघून यायची. किन्हीराजा गावच्या एका लग्नात धनज गावचे तात्या आमचं गाणं ऐकणार होते. पसंत पडलं तर त्यांच्या मुलीच्या लग्नाची सुपारी आम्हाला. म्हणून नामदेवने मालेगावहून खास वाकडी पिन आणली.

"आता वायरीले बैल जुपा, सुटत नाई," तो म्हणाला.

गाणं रंगलं. आमच्याकडे खूश झालेला माणूस गाणं संपायची वाट पाहत नाही, मधेच उठून गायकाला हार घालतो. तात्यांनीही घातला आणि वळताना त्यांचा पाय वायरीत अडकला. सरळ पिन असती तर तेवढी निघाली असती. इथे तात्या माझ्या तबल्यावर पडले आणि बेंजो नामदेवच्या मांडीवरून उडून त्यांच्या पाठीत बसला.

"वायर सुटली काहून नाई बे?" तात्या ओरडले.

"वाकडी पिन हाय ना, तात्या!" नामदेव फुशारकीने म्हणाला. "पाहा, अजून आवाज येऊन राह्यला!"

तात्या कंबर धरून उठले.

"सुपारी देतो. पण धनजले सरळ पिन आणजा. अन् हार तुमी घरूनच घालून याजा."